एक किल्ली, एक चावी

“दाराला कुलूप कुठलं आहे?” विमावाल्या बाईंनी विचारलं आणि आक्काला हसू आवरेना.

हसण्यासारखंच होतं. किल्लीवाल्याच्या घरी येऊन त्याच्याच कुलपाची चौकशी! मलाही हसू फुटणार होतं, पण माझ्या हातात त्याच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या आणि आपण कामासाठी आलोय असं मला दाखवायचं होतं. खरं म्हणजे झेरॉक्स मी दुकानातही देऊ शकले असते. पण विमावाल्या बाई घर बघायला येणार हे कळल्यावर दुकानात बसून राहायला मी काही संत नव्हे.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे प्रश्न छापील होते आणि छापील प्रश्नाला हसायची सोय नसते. त्या पेन धरून उभ्या राहिल्या.

किल्लीवाला दारातून बाजूला झाला. कोयंड्यात एक पितळी कुलूप लटकत होतं. जुनं, कडा झिजून गोल झालेलं, केसातल्या पिनेनंसुद्धा उघडेल असं. या माणसानं अर्ध्या गावाला पाच लिव्हरची कुलपं बसवून दिलीत. सराफाच्या दुकानाला तर असं बसवलंय की सराफ आणि त्याचा भाऊ, दोघांनी दोन किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय ते उघडत नाही. त्यांचं भांडण असलं की त्या दिवशी दुकान बंद. आणि स्वतःच्या घराला हे.

“हे?” बाईंनी विचारलं.

“हे,” तो म्हणाला.

“याच्या किल्ल्या किती?”

“दोन.”

“दोन्ही तुमच्याकडेच ना?”

आक्काचं हसणं थांबलं. तिनं झाडू उचलला आणि झाडलेलाच व्हरांडा पुन्हा झाडायला घेतला. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण तिचा निम्मा दिवस इथंच जातो आणि उरलेला निम्मा, इथं काय चाललं असेल या काळजीत.

“एक माझ्याकडे,” किल्लीवाला म्हणाला. “एक तिच्याकडे.”

“हरवली असं लिहा हो,” आक्का झाडता झाडता म्हणाली.

“हरवलेली नाही.”

“अरे, इतकी वर्षं झाली!”

“कुणाकडे आहे ते माहीत आहे ना? मग हरवली कशी?”

विमावाल्या बाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

इथं जरा मागचं सांगायला हवं. आमच्या समोरच्या रांगेतलं टायरचं दुकान मागे जळालं आणि त्याच्या बरोबर शेजारचं प्लायवूडचंही गेलं. टायरवाल्याचा विमा होता. तो आता नवं शटर बसवतोय, रंग कुठला द्यावा यावर चार जणांचं मत घेतोय. प्लायवूडवाल्याचा विमा नव्हता. तो रोज नेहमीच्या वेळेला येतो, काळ्या पडलेल्या पायरीवर बसतो आणि नेहमीच्या वेळेला उठून जातो. त्याच्याकडे कुणाला बघवत नाही. पण त्याच्याकडे बघूनच गावाला विमा आठवला. ज्या विमावाल्या बाईंना लांबून पाहून माणसं रस्ता बदलायची, त्यांचं जनावरांच्या औषधांच्या दुकानावरचं ऑफिस आता सकाळपासून भरलेलं असतं. बाईंचा भाव वधारलाय, पण बाई आहेत तशाच आहेत. त्यांना गोड बोलता येत नाही आणि खोटं तर त्याहून येत नाही.

मी आणि किल्लीवाला त्यांच्याकडे बरोबरच गेलो होतो. त्याची टपरी आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यात एक लाकडी फळी आहे. एक जळलं तर दुसरं वाचणार नाही, तेव्हा विमाही जोडीनं काढावा, असा साधा हिशेब. माझं दुकान बाकी सगळं विटांचं, त्यामुळे माझं काम पटकन झालं. त्याचं अडलं.

“नुसत्या लाकडी टपरीला कंपनी विमा देत नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “घर, गाडी आणि दुकान, तिन्ही एकत्र घ्या. मग घराच्या जोरावर टपरीही त्यात बसते.”

“मग घ्या तिन्ही,” मीच म्हणाले. त्याच्या वतीनं बोलायची मला सवय आहे.

गाडीचं काम हसतखेळत झालं. त्याची ती पांढरी व्हॅन बाईंनी खिडकीतूनच पाहिली. मालक अडकला की घरोघरी जाऊन कुलपं उघडून देण्यासाठी ती घेतलेली, पण हल्ली तिलाच ढकलायला माणसं बोलवावी लागतात.

“चोरीपासूनही संरक्षण हवंय का?” बाईंनी विचारलं.

“हिला चोरायची तर ढकलत न्यावी लागेल,” मी म्हणाले. “चोर दमून परत आणून लावेल.”

किल्लीवालाही हसला. तो हसला की डोळे बारीक होतात आणि माणूस एकदम तरुण दिसतो. मग बाई म्हणाल्या, घर तेवढं बघायला येते. आणि त्या आल्या तेव्हा हे कुलपाचं प्रकरण निघालं.

“सरळ सांगते,” व्हरांड्यात उभ्या राहून बाई म्हणाल्या. “घराच्या सगळ्या किल्ल्या घरात राहणाऱ्या माणसांकडेच असायला हव्यात. बाहेर कुणाकडे किल्ली असेल आणि चोरी झाली, तर कंपनी म्हणणार, तुम्हीच दार उघडं ठेवलं होतं. तेव्हा दोनच रस्ते. एक तर त्या इथं राहतात असं लिहायचं. नाहीतर कुलूप बदलायचं, चांगल्यातलं बसवायचं आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे.”

“आणि नाही बदललं तर?”

“तर घर बसत नाही. घर नाही तर टपरी नाही.”

“मग लिहा ना, राहते म्हणून!” आक्का एकदम म्हणाली. मघाशी हरवली म्हणणारी आक्काच ती. टपरीचं नाव निघाल्यावर तिला कुठलंही उत्तर चालणार होतं.

बाईंनी किल्लीवाल्याकडे पाहिलं. “खोटं लिहिलं आणि उद्या काही झालं तर एक पैसा मिळणार नाही. तरी तुम्ही सांगाल ते लिहीन. सही तुमची असते.”

तो कोयंड्यातलं कुलूप बोटानं हलवत राहिला. मग म्हणाला, “बघू.”

आक्कानं कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात येते. त्याच्यापुढे मला थांबता येणार नाही.”

तर, हा ‘बघू’.

त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हापासूनची मी साक्षीदार आहे. नदीकाठच्या मोठ्या गावातली मुलगी. आल्यावर पहिल्याच आठवड्यात टपरीसमोर उभी राहिली, बोर्ड वाचला आणि म्हणाली, “किल्ल्या काय? चाव्या म्हणायचं.” त्यांच्याकडे चावीच म्हणत. हा म्हणाला, आमच्या बापजाद्यांपासून किल्लीच. झालं, नव्या नवरा-बायकोला भांडायला निमित्तच हवं असतं. ते भांडण इतके दिवस आणि इतक्या लाडानं चाललं की शेवटी यानं पेंटरला बोलावून बोर्ड बदलून घेतला: ‘येथे सर्व प्रकारच्या किल्ल्या व चाव्या बनवून मिळतील.’ तो बोर्ड अजून आहे. परगावची माणसं येऊन विचारतात, दोन्हीत फरक काय? किल्लीवाला गंभीर चेहऱ्यानं सांगतो, किल्ली स्वस्त पडते.

पण तो स्वतः कधी चावी म्हणाला नाही आणि ती कधी किल्ली म्हणाली नाही.

दुपारी ती माझ्याकडे येऊन बसायची. कागद लावून द्यायची, स्टेपलर मारायची. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची आणि म्हणायची, “इथं पाण्याचा आवाजच नाही हो.” मी म्हणायचे, नळ सोड. ती हसायची. मला तेव्हा ती थट्टाच वाटली. माणूस एखाद्या आवाजासाठी झुरू शकतं हे मला खरंच माहीत नव्हतं. मी याच गावात जन्मले, इथंच दिली गेले, आणि मला इथल्या ट्रकच्या हॉर्नशिवाय झोप येत नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. आपण तिकडे जाऊ. गाव मोठं आहे, कुलपं जास्त आहेत, धंदा वाढेल. हा एकदा जाऊन जागाही पाहून आला. चांगली होती म्हणाला. ती म्हणाली, मग? तो म्हणाला, बघू. त्यानंतर तिनं किती वेळा विचारलं असेल आणि तो किती वेळा बघू म्हणाला असेल, कोण मोजणार. तो नाही म्हणाला असता तर ती भांडली असती, रडली असती, कदाचित राहिलीही असती. ‘बघू’शी भांडता येत नाही.

मग तिची आई आजारी पडली. ती आईकडे गेली. सामान फारसं नेलं नाही. जाताना माझ्या दुकानात डोकावून म्हणाली, “येते हं.” आई बरेच दिवस अंथरुणाला होती, मग गेली. त्यानंतर तिनं तिथंच एका पाळणाघरात काम धरलं. भांडण नाही, तंटा नाही, कागदपत्रं नाहीत. नुसतं राहणं झालं. अधूनमधून फोन. गॅसचं पुस्तक कुठे आहे, आक्काचे गुडघे कसे आहेत, असं.

“जाताना ‘येते’ म्हणाली होती,” एकदा तो आक्काला म्हणाला.

“अरे, सगळेच येते म्हणतात!” आक्का कळवळून ओरडली. “जाते असं कुणी म्हणतं का? दूधवालासुद्धा येतो म्हणतो!”

“दूधवाला रोज येतो की,” तो म्हणाला.

आक्कानं तिकडे तोंड करून डोळे पुसले आणि इकडे तोंड करून त्याला शिव्या दिल्या.

आणि त्या कुलपाचं कारण तेवढंच होतं. तो दिवसभर दुकानात असतो, घराला कुलूप असतं. ती त्या वेळात आली तर तिला दारात ताटकळत उभं राहावं लागू नये. तिच्या चावीनं दार उघडावं, तिनं आत जाऊन पंखा लावावा, पाणी प्यावं. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. गावातली पोरंटोरंसुद्धा म्हणायची, किल्लीवाला सगळ्या जगाची कुलपं बदलतो, स्वतःचं तेवढं बदलत नाही. ही कोटी आता इतकी जुनी झाली आहे की तिला कुणी हसतही नाही.

बाई येऊन गेल्यानंतर चार दिवस तो नुसता काम करत राहिला. टपरीत मशीन फिरायचं, कानस चालायची, गिऱ्हाइकं यायची-जायची. समोर प्लायवूडवाला पायरीवर बसलेला असायचा. किल्लीवाला काम करता करता त्याच्याकडे बघायचा, मग आपल्या मशीनकडे बघायचा. गाड्यांच्या किल्ल्या कापायचं ते मशीन त्यानं मोठ्या हौसेनं घेतलंय. त्याच्याकडे आहे ते सगळं त्या टपरीत आहे. फळ्या उन्हानं इतक्या सुकल्यात की एक ठिणगी पुरे.

मला गप्प बसवेना. मी फळीवर टकटक केलं आणि म्हणाले, “अहो, बदला ते कुलूप. ती यायची झाली तर फोन करून येईल. तोंड आहे तिला.”

“फोन करून पाहुणे येतात,” तो पलीकडून म्हणाला.

मी पुन्हा टकटक केलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं फोन लावला. त्याचे हात कायम तेलकट, म्हणून तो फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलतो. सगळ्या रांगेला त्याचे फोन पाठ असतात. मी मुद्दाम कान लावला नाही. लावावा लागला नाही.

“मी बोलतोय.”

“कळलं. बोला.” तिचाच आवाज. मागे कुणाचं तरी मूल रडत होतं.

“जेवलीस?”

“आत्ता? सकाळ आहे ना.”

“हां. हो, सकाळच आहे.” मग थोडा वेळ नुसतं मूल रडलं. “घराचा विमा काढतोय.”

“बरं करताय. आक्कांनी सांगितलं मला आगीचं. दुकानाचाही काढा.”

“तोही त्यातच आहे. कुलूप बदला म्हणतात.”

“मग बदला की! किल्लीवाल्याच्या घराला असलं कुलूप. मी तेव्हाच म्हणत होते.”

“हो. पण एक चावी तुझ्याकडे आहे.”

माझं मशीन चालू होतं, ते मी बंद केलं. इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तिनंही ऐकला असणार. मुलाला कुणीतरी उचलून लांब नेलं.

“आहे,” ती म्हणाली. “इथल्या कपाटांच्या चाव्यांबरोबर आहे. एकाच कडीत. काढायची राहूनच गेली.”

“त्यासाठी फोन नाही केला. कागदावर लिहायचंय. घरात कोण कोण राहतं, असा रकाना आहे.”

“मग?”

“मग काय लिहू?”

मी खुर्चीत बसले. हा माणूस जागा बघून आला तेव्हा त्यानं हे विचारायला हवं होतं. ती आईकडे निघाली तेव्हा विचारायला हवं होतं. आई गेल्यावर तरी. त्या वेळी जे तोंडातून निघालं नाही ते आज विमा कंपनीच्या छापील रकान्यानं बाहेर काढलं.

“आत्ता विचारताय?” ती म्हणाली. रागानं नाही. एखादी जुनी वस्तू सापडल्यावर माणूस जसं बोलतं, तसं.

“हं.”

मी खुर्चीतूनच फळीच्या कडेनं डोकावून पाहिलं. तो काहीच करत नव्हता, नुसता फोनकडे बघत होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानं खुणावून थांबवलं.

“खरं ते लिहा,” ती म्हणाली. तिचा आवाज नीट होता, पण ती तो धरून बोलत होती हे मला कळलं. “माझ्यासाठी काही खोटं लिहू नका. उद्या काही झालं तर पैसे अडकतील. दुकान गेलं तर तुम्ही काय करणार? तुम्हाला दुसरं काय येतं? एकच लिहा.”

“एक,” तो म्हणाला.

“हो.”

“बरं.”

“ही चावी पाठवून देऊ का?”

“नको.”

“पण आता तिनं काहीच उघडणार नाही ना?”

“बघू,” तो म्हणाला.

पलीकडे ती हसली की काय, मला नक्की सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात ते मूल पुन्हा जवळ आलं आणि फोन बंद झाला. मी गिऱ्हाइकाला म्हणाले, या आता. किल्लीवाल्यानं त्याची किल्ली घेतली, कोरी किल्ली शिकंज्यात धरली आणि कापायला लागला. त्यानं ती चुकीची कापली. मी त्याच्या शेजारी धंदा करते तेव्हापासून त्याच्या हातून असं झालेलं नव्हतं. दुसरी कोरी किल्ली काढताना त्यानं चष्मा काढून पुसला, तेलकट बोटांनी, त्यामुळे तो आणखीच खराब झाला.

त्याच दिवशी त्यानं टपरी लवकर बंद केली आणि घराला कुलूप बसवलं. दारातच खाच पाडून बसवायचं, अर्ध्या गावाला दिलं त्या पाच लिव्हरच्या जातीचं. मी संध्याकाळी घरी जाताना पाहिलं. तो उंबऱ्यावर गुडघे टेकून बसला होता आणि आक्का बॅटरीचा उजेड धरून उभी होती. इतका उजेड असताना बॅटरी कशाला धरली होती ते तिलाच ठाऊक. काहीतरी धरून उभं राहायचं होतं तिला. जुना कोयंडा काढल्यावर दारावर त्याच्या आकाराचा रंग उरला होता, मूळचा, हिरवागार.

ठरल्याप्रमाणे विमावाल्या बाई आल्या. मीही गेले. या वेळी माझ्याकडे झेरॉक्ससुद्धा नव्हत्या आणि मला कुणी कारण विचारलं नाही.

पण आम्ही दोघी फाटकाशीच अडलो. त्याच्या अंगणाला एक लोखंडी फाटक आहे, कंबरेएवढं. कुत्री त्याच्याखालून जातात आणि माणसं कडी सरकवून येतात. त्याला कधी कुलूप नव्हतं. आता होतं. तेच पितळी. लख्ख घासलेलं, तेल घातलेलं.

“अहो!” बाईंनी हाक मारली. “फाटकाला कुलूप आहे!”

“आलो, आलो,” म्हणत तो आला, आतून फाटकावरून हात बाहेर काढून त्यानं कुलूप उघडलं आणि आम्हाला आत घेतलं. फाटक करकरलं. एवढं तेल कुलपाला घातलं, पण बिजागरीला थेंब नव्हता.

बाईंनी दाराचं नवं कुलूप पाहिलं, फिरवून पाहिलं, मोबाइलवर फोटो घेतले. मग व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून कागद पुढे ओढला.

“घरात राहणाऱ्या व्यक्ती?”

आक्का झाडूकडे गेली. पण तिनं तो उचलला नाही, नुसती त्याच्यापाशी उभी राहिली.

“एक,” किल्लीवाला म्हणाला.

त्यानं तो शब्द मोठ्यानं, स्पष्ट उच्चारला. टपरीत मोठ्या आवाजात गिऱ्हाइकाला भाव सांगतो तसा. बाईंनी लिहिलं. लिहायला असा किती वेळ लागतो? एक आकडा. पण मला तो फार लांबलेला वाटला. ती या घरात राहत नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं. आज त्याला माहीत झालं.

“दाराच्या किल्ल्या?”

“दोन. दोन्ही माझ्याकडे.” त्यानं खिशातून काढून दाखवल्या. नव्याकोऱ्या, अजून कडाही न झिजलेल्या.

“झालं तर मग,” बाई म्हणाल्या. “घर, गाडी, दुकान. तिन्ही बसलं.” त्यांनी बोटानं जागा दाखवली तिथं त्यानं सही केली. आक्कानं मोठा श्वास सोडला. गेल्या कित्येक दिवसांत तो तिनं घेतलाच नव्हता की काय असं वाटलं.

निघताना अंगणात बाई थांबल्या. त्यांची नजर पुन्हा फाटकाकडे गेली आणि पेन असलेला हात आपोआप वर आला.

“त्या फाटकाच्या किल्ल्या किती?”

“एक किल्ली माझ्याकडे,” तो म्हणाला. “आणि एक चावी तिच्याकडे.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पेनला टोपण लावलं. “फाटकाचं कंपनी विचारत नाही,” त्या म्हणाल्या.

आक्काला मात्र राहवलं नाही. “अरे, त्या फाटकावरून शेळीसुद्धा उडी मारून येते. कुलूप कशाला? आणि समजा, ती आली, उघडलंन फाटक. पुढं काय? दार बंदच असणार ना?”

“मी घरात असलो तर फाटक वाजलेलं ऐकू येतं.”

“आणि दुकानात असलास तर?”

त्यानं नळाकडे पाहिलं. नळाजवळ, भिंतीच्या सावलीत एक खुर्ची ठेवलेली होती. ती मी येताना पाहिली होती, पण लक्षात घेतली नव्हती. आतली, हातांची, गादीची चांगली खुर्ची. तोंड फाटकाकडे. शेजारी स्टुलावर झाकण घातलेला पाण्याचा तांब्या आणि पालथा पेला. आक्कानं ते सगळं पाहिलं.

विमावाल्या बाईंनीही पाहिलं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही हे मी आधीच सांगितलं आहे.

“बाहेर ठेवलेल्या वस्तू विम्यात येत नाहीत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“माहीत आहे, मॅडम,” तो म्हणाला.

बाई “येते” म्हणाल्या आणि निघाल्या. तो फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेला. त्या बाहेर पडल्यावर त्यानं फाटक लावलं, वरून हात घालून कुलूप अडकवलं आणि ते नीट लागलंय का ते एकदा ओढून पाहिलं.